खळ्यावरची कथा

नोकरी निफाडच्या एका पतसंस्थेत आणि घर नाशिकला, पंचवटीत. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ एसटी ठरलेली, आणि माझं बहुतेक वाचन या एसटीतच होतं. सकाळी खिडकीची जागा मिळाली तर चांदोरी येईस्तोवर एक कथा वाचून होते. उभं राहावं लागलं तर कवितांचं पुस्तक, कारण ते एका हातात धरता येतं आणि दर थांब्याला मिटलं तरी धागा तुटत नाही. परतताना डोक्यात दिवसभराचे आकडे असतात. तेव्हा नवं काही घेत नाही, सकाळी वाचलेलीच कथा पुन्हा वाचते. मार्च २०२३मध्ये एसटीने बायकांना अर्धं तिकीट केलं तेव्हा वाचलेल्या पैशांतून मी सार्वजनिक वाचनालयाची वाढीव वर्गणी भरली आणि एका वेळी दोन पुस्तकं घरी आणायला लागले.

हे वाचनालय १८४० सालचं. नाशिककर त्याला सावाना म्हणतात. मी आणते त्या दोन पुस्तकांतलं एक निव्वळ आवडीचं असतं आणि दुसरं चालू लेखनाला लागणारं, म्हणजे कधी शेतीचं, कधी सहकाराचं, कधी जिल्ह्याच्या जुन्या माहितीचं. शिवाय आमच्या भागातल्या बायकांच्या गटाकडे कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातली पुस्तकांची पेटी येते. त्या पेटीने मला एक चांगली सवय लावली. समोर असलेल्या शंभर पुस्तकांतूनच निवडायचं म्हटलं की एरवी ज्या पुस्तकाला मी हातही लावला नसता ते घरी येतं. माझ्या लिहिण्याला खरी चालना अशाच पुस्तकांनी दिली आहे.

वाचनाची एक वही आहे. तिच्यात गोष्टीचा सारांश लिहीत नाही, कथेत वेळ कसा सरकला ते टिपते. एका कथेत सात वर्षं एका वाक्यात उलटली होती आणि त्याच कथेत एक कप चहा दीड पान चालला होता. असं का केलं असेल, यावर दोन-चार ओळी. जो परिच्छेद फार आवडला तो हाताने उतरवून काढते. डोळे स्वल्पविरामावरून पुढे निघून जातात, हात मात्र तिथे थांबतो, आणि त्या थांबण्यातून लेखकाचा श्वास कळतो. ज्याला लिहायचं आहे त्याने हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं. पैसे लागत नाहीत, शिकवणी लागत नाही.

लिहिते पहाटे, नळाला पाणी येण्याच्या आधी. पाणी आलं की घर जागं होतं.

आता ज्या कथेबद्दल सांगायचं आहे तिच्याकडे येते. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकरी महामार्गावर उतरले. लिलाव पुन्हा सुरू झाले ते पडलेल्या भावानेच. उन्हाळ कांदा असता तर लोकांनी तो साठवणीच्या कांदाचाळीत ठेवला असता, तो काही महिने टिकतो. डिसेंबरचा असतो लाल कांदा. तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. भाव कितीही पडू दे, ट्रॅक्टर बाजार समितीकडे न्यावाच लागतो.

पतसंस्थेत याचा परिणाम पुढे कर्जाच्या हप्त्यांत दिसणार हे सगळे धरून होते. मला तो आधी पिग्मीत, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरायच्या बचतीत दिसला. लिलावात घेतलेला माल व्यापारी ज्या आवारात उतरवतात, निवडतात आणि भरतात त्याला आमच्याकडे खळं म्हणतात. या खळ्यांवर कांदा निवडणाऱ्या बायका रोजातले वीस-तीस रुपये पिग्मीत टाकतात. एजंट संध्याकाळी खळ्यांवरून फिरतो आणि दुसऱ्या दिवशी भरणा करतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्या भरण्याची रक्कम उतरत गेली. त्या दिवसांतल्या बातम्यांत शेतकरी होता, व्यापारी होता, शहरातला ग्राहक होता, मंत्री होते. निवडणाऱ्या बायका कुठेच नव्हत्या. मी रोज एसटीत पेपर उघडून त्या शोधायचे. मग ठरवलं की आपण लिहायचं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्वतःशी पक्की केली. नोकरीत जे दिसतं त्यातली एकही नोंद कथेत येणार नाही. खातेदार विश्वासाने पैसे ठेवतात. त्यांचं खातं हा माझ्या लेखनाचा कच्चा माल होऊ शकत नाही. भरणा कमी झाला एवढीच बाब घ्यायची आणि बाकी सगळं खळ्यावर जाऊन, विचारून, त्या बायकांच्या परवानगीने जमवायचं. पतसंस्था, बँक, दवाखाना, शाळा अशा ठिकाणी काम करून लिहिणारे पुष्कळ आहेत. हा प्रश्न त्या सगळ्यांनाच पडत असणार, आणि त्याचं उत्तर लिहायला बसण्याआधी ठरवावं लागतं. मजकूर एकदा कागदावर आला की तो काढवत नाही.

आमच्या पिग्मी एजंटच्या ओळखीने विंचूरच्या बाजूच्या एका खळ्यावर जायला मिळालं. विंचूर ही लासलगाव बाजार समितीची उपबाजाराची जागा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या शेड आणि कांद्याचे ढीग. जानेवारी होता. निफाडची थंडी बऱ्याचदा राज्यात सगळ्यात कडक, पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पेपरात आमच्या तालुक्याचं नाव येतं. सकाळी साडेआठला बायका ढिगाशी बसलेल्या होत्या. साडीवरून नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला नि तोंडाला घट्ट स्कार्फ. कांद्याची वाळलेली पत्ती हवेत उडत असते, ती नाकातोंडात जाते, केसांत बसते. मुकादमाने माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणवली. मी ती नको म्हटलं आणि बायकांच्या ओळीत एका उपड्या कॅरेटवर बसले.

“काय लिहू राहिल्या ताई?” शेजारच्या बाईने विचारलं.

“तुमचं काम लिहून घेते आहे, मावशी.”

“यात काय लिहायचं? कांदा घ्यायचा न् टाकायचा.”

तेवढंच नव्हतं. समोरच्या ढिगातून हात कांदा उचलतो आणि उचलतानाच त्याचं माप ठरतं. मोठा एकीकडे, मध्यम दुसरीकडे, गोल्टी तिसरीकडे. जोड कांदा वेगळा. डेंगळा, म्हणजे ज्याला फुलाचा दांडा आला आहे तो, वेगळा, कारण त्याच्या मधोमध कडक दांडा असतो आणि तो लवकर सडतो. मऊ पडलेला, पाणी सुटलेला आधी बाहेर, नाहीतर गोणीतले बाकीचे खराब करील. हे सगळं डोळ्यांनी पाहून ठरवायला त्यांना वेळच नसतो. तळव्याला कळतं. एकीने माझ्या हातात दोन कांदे दिले आणि म्हणाली, यातला कोणता आठ दिवसांनी सडंल सांगा. मला दोन्ही सारखे वाटले. तिने एकाच्या मानेशी अंगठा दाबून दाखवला. मान जाड आणि ओली होती. नीट वाळलेल्या कांद्याची मान बारीक, मिटलेली असते.

बंदीचा अर्थसुद्धा मला तिथेच कळला. मुकादम म्हणाला, परदेशी जाणारा माल एका मापाचा लागतो, म्हणून त्याला निवड जास्त, म्हणून बायका जास्त. देशातल्या गाडीला थोडा मिसळलेला माल चालतो. कंटेनर बंद झाले तेव्हा खळ्यावरचा कांदा संपला नव्हता, निवड कमी झाली होती. जिथे चाळीस हात होते तिथे वीस पुरायला लागले. आधी कोणाला घरी बसवलं? म्हाताऱ्या, आणि ज्यांची पोरं लहान आहेत त्या. एवढी साधी गोष्ट इतक्या दिवसांच्या बातम्यांत मला मिळाली नव्हती. खळ्यावर एका तासात मिळाली.

त्यानंतर मी तिथे सवडीने जात राहिले. टिपण फार काढलं नाही. वही उघडली की बोलणं बदलतं, हे पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं. बसायचं, जमेल तसं निवडायचं, ऐकायचं आणि परतीच्या एसटीत आठवेल तेवढं लिहून काढायचं. त्या काळात एसटीतलं वाचन मागे पडलं आणि एसटी लिहिण्याची जागा झाली. हलत्या गाडीत अक्षर वाकडं येतं, पण कानात असलेलं बोलणं अजून गरम असतं.

पहिला खर्डा फेब्रुवारीअखेर झाला. कथेतल्या बाईला मी नाव दिलं नाही. खळ्यावर पुष्कळ जणींना माहेरच्या गावावरून हाक मारतात, म्हणून तीही नांदूरवाली. तिच्या पिग्मीवर काय काय अवलंबून आहे, काम कमी होतं तेव्हा मुकादम कोणाला ठेवतो, आणि दोघी जिवलग मैत्रिणींपैकी एकीलाच काम उरतं तेव्हा त्यांच्यात काय होतं, अशी ती कथा.

माझं लेखन पहिल्यांदा ऐकतात माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. त्यांचे डोळे अधू झाले आहेत, बारीक टाइप दिसत नाही, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांना रोज काहीतरी वाचून दाखवते. वाचनालयाच्या पुस्तकातलं वाचते आणि तयार असेल तर माझंही. माझं कोणतं, लोकांचं कोणतं, हे आधी सांगत नाही. त्यांना ते लगेच कळतं. त्या येवल्याच्या. लहानपणी पैठणीच्या मागासाठी कांड्या भरायचं, म्हणजे चाक फिरवून कांडीवर धागा गुंडाळायचं काम त्यांनी केलेलं आहे. शाळा चौथीपर्यंत. साहित्याची चर्चा त्यांनी कधी केली नाही, आणि माझ्या ओळखीत त्यांच्याइतकं बारकाईने ऐकणारं दुसरं कोणी नाही.

खर्डा वाचून झाला. त्यात दोघी मैत्रिणींचं भांडण दीड पानभर होतं आणि ते मला चांगलं साधलं आहे असं वाटत होतं. आई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढं भांडल्या, तवर हात थांबले होते का त्यांचे?”

मी म्हटलं, “का बरं?”

“हात थांबले तर मुकादम बोलंल. आणि नसतील थांबले, तर कांदे कुठं गेले? तू मधी कांदाच घेतला नाही.”

मग त्यांनी कांड्या भरण्याचं सांगितलं. चाक फिरत असताना पोरी बोलायच्या, हसायच्या, रडायच्यासुद्धा, पण धागा सोडायचा नाही. राग आला की चाक जोरात फिरायचं आणि धागा तुटायचा. त्यावरून बाकीच्यांना कळायचं की हिचं आज काहीतरी बिनसलं आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. दुसऱ्या आठवड्यात खळ्यावर गेले ती फक्त हात पाहायला. बोलणं ऐकत होते, नजर मात्र हातांवर. भाचीच्या लग्नाचं सांगताना एका मावशीचे हात सावकाश झाले होते. दोघी जणी पाण्याच्या ड्रमवरून वाद घालत होत्या, तेव्हा त्यांचे कांदे लांबून फेकल्यासारखे पडत होते, पण योग्य त्याच ढिगात. आणि एक तरुण बाई काहीच बोलत नव्हती, तिच्याकडून मध्यम कांदा गोल्टीत जात होता. शेजारणीने काही न विचारता तो उचलून परत जागेवर टाकला. पुन्हा गेला, तिने पुन्हा टाकला. त्या दोघींत एक शब्द झाला नाही.

माझी कथा ही होती. जे दीड पान मी संवादांनी भरलं होतं ते सगळं या एका हालचालीत येत होतं. नांदूरवालीला काम उरलेलं आहे, मैत्रिणीचा आज शेवटचा दिवस आहे, आणि ती मैत्रिणीच्या हातून चुकीच्या ढिगात गेलेले कांदे मुकादमाच्या लक्षात येण्याआधी परत ठेवते आहे. सगळं बोलणं या कामाच्या मधून मधून येणार. मोठा, मध्यम, गोल्टी, एक वाक्य. जोड, मोठा, मोठा, उत्तर. मार्च आणि एप्रिल मी हा दुसरा खर्डा लिहीत होते. रोज पहाटे एखादा परिच्छेद, कधी तेवढाही नाही. आधीच्या खर्ड्यातली जेमतेम पानभर वाक्यं त्यात टिकली.

याच काळात वाचनही बदललं. आवडीच्या जुन्या कथा पुन्हा काढल्या आणि त्यांतली माणसं बोलताना काय काम करत आहेत ते पाहत गेले. काही कथांमध्ये माणसं नुसती बसून बोलतात. काहींत भाकरी थापली जाते, बैलाला पाणी दाखवलं जातं, इस्त्री फिरते, आणि वाचकाला कळतही नाही की संवादाचा ताल त्या कामाने धरलेला आहे. वहीत यावर इतकी पानं भरली की नवी वही आणावी लागली.

निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद निफाडकडच्या बोलीत, हे मी आधीच ठरवलं होतं. प्रश्न होता निवेदनात ‘केले, गेले’ लिहायचं की ‘केलं, गेलं’. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम ‘केलं’सारखी रूपं पात्रांच्या तोंडी चालवतात, एरवी ‘केले’ लिहायला सांगतात. तरी मी ‘केलं’ घेतलं. त्यामुळे निवेदन आणि बायकांचं बोलणं यांच्यामधलं अंतर कमी झालं, आणि या कथेला तेच हवं होतं. ‘करू राहिली’सारखी रूपं जपून वापरली. प्रत्येक वाक्यात बोली घातली की वाचकाचं लक्ष माणसावरून भाषेवर जातं.

मे महिन्यात दिवाळी अंकांची आवाहनं सुरू होतात. मराठीत ही प्रथा १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने पाडली आणि आज शेकड्यांनी अंक निघतात. हौसेने लिहिणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. मोठ्या नावांच्या शेजारी अनोळखी माणसाची कथा छापली जाण्याची एवढी जागा वर्षात दुसरी कुठे नसते. अटी बहुतेकांच्या सारख्याच: युनिकोडमध्ये टंकलेखन, शब्दमर्यादा, कथा पूर्वी कुठे प्रसिद्ध झालेली नसावी, एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. ही शेवटची अट पाळायची तर वेळ जातो, पण ती पाळावी. संपादकाने आपल्यासाठी पानं अडवून ठेवलेली असतात.

पहिल्या ठिकाणाहून ठरलेल्या मुदतीत काही कळलं नाही, म्हणजे कथा नाकारली असं समजायचं. दुसऱ्या ठिकाणाहून दोन ओळींचा नकार आला. तिसऱ्या अंकाच्या संपादक बाईंचा जुलैत फोन आला. त्यांनी कथा दोनदा वाचली होती. त्या म्हणाल्या, “कथा घेते आहे. पण निर्यातबंदीची माहिती देणारा परिच्छेद आहे ना, तिथे तुमचा आवाज जातो आणि वर्तमानपत्राचा येतो. बघा काही करता येतं का.”

मी त्या परिच्छेदाला धरून होते. आठ डिसेंबर ही तारीख मला कथेत हवीच होती. निवड करणाऱ्या बायकांवर जे आलं ते आपोआप आलेलं नाही, एका दिवशी एका आदेशाने आलं, हे वाचकाला कळल्याशिवाय ती कथा नुसती करुण झाली असती. मी बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, तारीख ठेवा, पण ती नांदूरवालीला कशी कळली ते लिहा.

तिला ती कशी कळेल? ती पेपर वाचत नाही, मोबाइल पोराकडे असतो. आठवडाभर पहाटे याच एका प्रश्नापाशी बसून होते. उत्तर पिग्मीच्या कार्डात होतं. आता एजंटकडे यंत्र असतं आणि पावती छापून मिळते, पण पुष्कळ बायका अजून कार्डावर पेनाने आकडा टाकून मागतात. आकडा आपल्यासमोर लिहिला गेला की त्यांची खात्री पटते. महिन्याचे दिवस, प्रत्येक दिवसाला एक चौकोन. डिसेंबरच्या कार्डावर सात तारखेपर्यंत तीस, तीस, तीस. आठच्या चौकोनापासून रिकामं. नांदूरवाली ते कार्ड मैत्रिणीच्या कार्डाशेजारी धरते आणि दोन्हींत रिकामे चौकोन कुठून सुरू होतात ते बोटाने दाखवते. नांदूरवालीच्या कार्डात मधेमधे पुन्हा आकडे येतात, मैत्रिणीच्या कार्डात येत नाहीत. परिच्छेद गेला, तारीख राहिली. हे कार्ड पूर्णपणे कल्पनेतलं, कोणत्याही खात्याचं नाही, पण खळ्यावरच्या कोणत्याही बाईला ते ओळखीचं वाटेल याची मला खात्री होती.

सप्टेंबरमध्ये प्रुफं आली, पीडीएफ, मोबाइलवर. माझा युनिकोड मजकूर मुद्रकाच्या फॉन्टमध्ये बदलताना ‘ऱ्या’ बिघडला होता. ‘निवडणाऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘म्हाताऱ्या’ या सगळ्या शब्दांतला र उडून अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसला होता, आणि कथा तर निवडणाऱ्या बायकांचीच! एकेक ओळ तपासून पानाचा आणि ओळीचा क्रमांक देत यादी केली. प्रुफं वाचताना मी शेवटच्या ओळीपासून वर येते. वरून खाली वाचलं की कथा ओढून नेते आणि चूक दिसत नाही. चित्रकाराने काढलेल्या चित्रात शेत होतं. मी खळ्याचे फोटो पाठवले आणि त्यांनी आनंदाने नवं चित्र काढून दिलं, उपड्या कॅरेटसकट.

त्याच महिन्यात, १३ तारखेला, कांद्यावरची किमान निर्यात किंमत काढली गेली आणि निर्यात शुल्क ४० टक्क्यांवरून २० टक्के झालं. बंदी तर ४ मेलाच उठली होती. ऑफिसात एकाने विचारलं, आता कथा जुनी झाली का? मला तसं वाटलं नाही. त्या डिसेंबरात ज्यांचे चौकोन रिकामे राहिले ते रिकामेच आहेत.

अंक वसुबारसेच्या आधी पोस्टाने आला, मानधनाच्या धनादेशासह. आईंनी अंक हातात घेतला, माझ्या कथेचं पान काढायला लावलं आणि चित्रावर भिंग धरून बराच वेळ पाहिलं. त्यांना पूर्ण कथा छापील पानांवरून पुन्हा वाचून हवी होती. वाचली. भांडणाच्या जागी आल्यावर त्या म्हणाल्या, “आता बरोबर चाललं.”

दिवाळीनंतर नव्या लाल कांद्याची आवक सुरू झाली तेव्हा अंक घेऊन खळ्यावर गेले. बारावी झालेल्या एका मुलीला ढिगावरून उठवून मुकादमाने वाचायला बसवलं. तिने स्पष्ट, न अडखळता वाचलं, बाकीच्या निवडत ऐकत होत्या. पिग्मीच्या कार्डाशी आल्यावर दोघी-तिघी जणी एकदम म्हणाल्या, “असंच झालं होतं.” वाचून झाल्यावर पहिल्या दिवशीच्या त्या मावशींनी विचारलं, “मग त्या दुसरीला काम लागलं का नाही पुन्हा? लाल कांदा सुरू झाला आता.” मी म्हटलं, कथेत ते आलेलं नाही. त्या म्हणाल्या, “मग लिहा की.” बाकीच्यांनी ते उचलून धरलं. तिला कामावर परत घ्यायचं की द्राक्षाच्या छाटणीला पाठवायचं यावर त्यांच्यात बराच वाद झाला. कोणी म्हणत होती, छाटणीचा रोज जास्त. कोणी म्हणत होती, मैत्रीण इथं आहे, ती कशाला जाईल? माझ्या कथेवर इतकी मनापासून चर्चा मी कधी ऐकली नव्हती.

ती दुसरी कथा मी लिहिणार आहे, पण तिच्याआधी येवल्याची रांगेत आहे. कांड्या भरणाऱ्या मुलींवर कोणी लिहिलं आहे का ते सावानात शोधते आहे. पैठणीवरची पुस्तकं मिळाली. त्यांत माग आहेत, विणकर आहेत, पदरावरचे मोर आहेत, रेशीम कुठून यायचं तेही आहे. कांड्या भरणाऱ्या मुली अजून सापडलेल्या नाहीत. म्हणून सध्या रात्रीच्या वाचनाचा अर्धा वेळ मी वाचत नाही. आई सांगतात आणि मी उतरवून घेते. परवा चाकाला तेल कोण घालायचं, पोरी की मालक, यावर अडलो. मालकाचा मुलगा घालायचा, असं त्यांना काल दुपारी आठवलं. मी घरी येईपर्यंत विसरू नये म्हणून त्यांनी शेजारच्या मुलाकरवी मला मोबाइलवर निरोप धाडला.